तोडलेली फळं, पडलेली फळं

बाबा, मागच्या भिंतीलगतची तुमची दोन्ही झाडं आम्ही कापली. आधी हेच सांगून टाकते, कारण मी गोष्ट सांगायला लागले की भलतीकडेच जाते आणि मुख्य राहून जातं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी तुम्ही मला पुष्कळदा मारलंयत. आई आणि मी, दोघींनी मिळून, एका सकाळी कापली. लाकूड इतकं कठीण निघालं की करवत अर्ध्यात अडकून बसली आणि आईने बुंध्यावर लाथ घातली. आईने. लाथ. तुम्ही बघायला हवं होतं असं लिहिणार होते, पण नको, नव्हतात तेच बरं. मी या घरात राहू शकते की नाही, तेही त्याच सकाळी ठरलं, आणि ते ठरवलं आईने.

हे मी मराठीत लिहितेय याचं तुम्हाला नवल वाटेल. माझ्याबरोबर दुसरीत असताना इथे परदेशात आलेल्या कुठल्याच मुलाला मराठी लिहिता येत नाही. घरी आईबाप मराठीत विचारतात आणि पोरं इंग्लिशमध्ये उत्तरं देतात. मला येतं, कारण दर रविवारी तुम्ही समोर बसायचात आणि तुमच्या हातात स्टीलची पट्टी असायची. ती आडवी नाही मारायचात, उभी. धारेकडून. जोडाक्षर चुकलं की बोटांच्या पेरांवर. कॉलेज मी अर्धवट सोडलं, फ्रेंच विसरले, गणित तर कधी आलंच नाही, पण जोडाक्षरं अजून पक्की आहेत. लिहिताना डावा हात मी आपोआप मांडीखाली घेते. आत्ताही घेतलाय.

तर ती भिंत. आपल्या कोक्विटलामच्या घराला ऊन म्हणजे तेवढंच, दक्षिणेकडच्या भिंतीला, बेसमेंटच्या दारापासून नळापर्यंत. बाकी बॅकयार्डमध्ये सीडरच्या झाडांची सावली आणि शेवाळ. आईने तिथे टोमॅटो लावले होते. वरून छपराचा पुढे आलेला भाग असल्यामुळे झाडांच्या पानांवर पाऊस पडत नाही, आणि आपल्या इथे टोमॅटोच्या पानांवर पाऊस पडला की संपलं, करपा येतो, आठवड्याभरात काळं पडून सगळं सडतं. हे तिला शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याने सांगितलं होतं. वृद्धाश्रमाच्या किचनमधून कामावरून आली की कोट न काढता ती आधी तिथे जायची. बेचक्यांतून फुटलेल्या बगलफुटी खुडायची, सुतळीने देठ काठीला बांधायची, आणि हातांचा तो हिरवा वास घेऊन आत यायची. ती तिथे गुणगुणायची. घरात कधीच नाही.

त्या वर्षी तुम्ही नर्सरीतून दोन कुंड्या घेऊन आलात. मी तिसरीत असेन. लेबलवर 'पायनॅपल गुआवा' लिहिलेलं, आणि तुम्ही त्यातलं फक्त 'गुआवा' वाचलंत. राहात्याचा माणूस, पेरूच्या बागांमध्ये वाढलेला, दुसरं काय वाचणार! नर्सरीतल्या बाईने सांगितलं की एकट्या झाडाला फळ धरत नाही, म्हणून दोन. आई नळ लावून पाणी घालत होती.

"ही काढ सगळी," तुम्ही म्हणालात.

"अहो, फुलं आलीयत त्यांना."

"येऊ देत. कुंपणाकडे लाव."

"तिकडे पाऊस लागतो. करपतात तिकडे."

"टोमॅटोत असतं काय गं? नुसतं पाणी! दुकानात ढीग पडलेत त्याचे. हा पेरू आहे, पेरू! या देशात पेरू लावलाय कोणी?"

आणि मग तुम्ही वाट नाही पाहिलीत. काठीसकट उपटलंत एकेक. मला तो आवाज आठवतो, मुळं मातीतून फाटल्याचा, जाड कापड टराटरा फाडावं तसा. आई वाकून ती गवतावरून गोळा करत होती, आणि तुम्ही तिच्या हाताशेजारी पाय ठेवलात, झाडावर, आणि टाच फिरवलीत. हातावर नाही. इंचभर बाजूला. तुम्हाला अंदाज फार चांगला होता. तिने उरलेली कुंपणाकडे लावली. ऑगस्टमध्ये ती काळी पडली, आणि जेवताना तुम्ही म्हणालात, "बघ, टोमॅटोला दमच नसतो."

नंतर तुम्ही वाचलंत की हा पेरू नव्हेच, फिजोआ आहे, पेरूचा लांबचा नातेवाईक. पण तुम्ही मागे हटणारे नव्हतात. रोज जेवताना भाषण. फिजोआत व्हिटॅमिन सी टोमॅटोपेक्षा जास्त, फायबर कितीतरी जास्त, पोट साफ, आणि आईच्या पानातल्या कोशिंबिरीकडे बोट दाखवून, "आणि हे बघा, पाणी!" आता तुम्ही उठून माझ्या अंगावर येऊ शकत नाही, तर ऐका. सी आणि फायबरचं तुमचं खरं होतं. पण फिजोआसुद्धा बहुतेक पाणीच असतं, बाबा, फक्त साखर थोडी जास्त. आणि टोमॅटोत पोटॅशियम त्याच्याहून जास्त असतं, जे तुमच्या बीपीला चांगलं होतं. त्याच्या लाल रंगात लायकोपीन असतं, ते फिजोआत नाहीच म्हणा, आणि टोमॅटो तेलात शिजवला की ते अंगाला आणखी लागतं. म्हणजे आई जे सार करायची, तुपाची फोडणी देऊन, ज्याची वाटी तुम्ही एकदा भिंतीवर फेकलीत, ते औषधच होतं. डाग अजून आहे. आईने त्यावर कॅलेंडर लावलंय.

लावणीचं म्हणाल तर दोघांचं जमणं शक्यच नव्हतं. टोमॅटो एका उन्हाळ्याचा पाहुणा; मे महिन्यात लावा, ऑगस्टमध्ये खा, पहिल्या गोठलेल्या दहिवराला मेला. रोज हात लावावा लागतो त्याला. फिजोआ वर्षानुवर्षं काही देत नाही, नुसता उभा राहतो, वरून हिरवा, पानाखालून रुपेरी, थोडी थंडी सोसतो, भिंतीची ऊब खातो, आणि वाट बघायला लावतो. दोघांना भिंत तीच पाहिजे.

फळ धरलं तेव्हा मी सहावीत होते. ऑक्टोबर संपत आलेला, दिवाळीचे दिवस. तुमच्या घरचा नियम होता की पहिलं फळ देवाला, आणि जमिनीवर पडलेलं देवाला चालत नाही, घरात आणायचंसुद्धा नाही. राहात्याला पेरू झाडावरूनच तोडायचे, पानासकट. तुम्हीही तसेच तोडलेत. टॉवेलच्या कपाटातल्या आपल्या देवघरात नैवेद्य दाखवला आणि मग चार फोडी करून आम्हाला दिल्यात. सालीसकट, पेरूसारख्या. दगड होता तो, बाबा. आंबट, तुरट, मध्ये वाळू चावल्यासारखं. आईचा जबडा हलत होता, हलत होता, मग तिने गिळलं.

"कसाय?"

"चांगलाय," आई म्हणाली.

"राहात्याची चव आहे की नाही?"

"आहे की."

"तुला गं?"

मी म्हटलं छान आहे. तुम्ही माझ्या हातात दुसरी फोड ठेवलीत आणि संपेपर्यंत बघत राहिलात. मग दर वर्षी तेच. तुम्ही तोडायचात, आम्ही खायचो, तुम्ही स्वतः तोंड वाकडं न होऊ देता खायचात. त्याबद्दल मात्र मानलं तुम्हाला.

खाली पडलेली फळं आई गोळा करायची. अस्वलांमुळे. तुम्हाला आठवतं ना, डोंगरातून थेट आपल्या गल्लीत यायची, पडलेलं फळ ठेवलं तर सिटीची माणसं दंड करायला बेल वाजवायची. आई रोज सकाळी कामाला जायच्या आधी झाडून सगळं ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकायची आणि कडी लावायची. एकदा कडी लागली नव्हती. सकाळी बघतो तर काळं धूड बिन आडवं पाडून आत मुंडकं खुपसून बसलेलं. तुम्ही फावडं घेऊन धावलात, ओरडत, अनवाणी. अस्वलाने वर बघितलं, सावकाश उठलं, आणि कुंपण मोडून गेलं. तुम्ही घामाघूम आत आलात. अंगातला राग तसाच. अस्वलासाठी उगारलेला हात आईच्या तोंडावर पडला. "कडी लावता येत नाही?" तिचा चष्मा फ्रिजखाली गेला. मी ओणवी होऊन झाडूच्या काठीने काढून दिला.

आणि पुढच्या दिवाळीत माझी पाळी. झाडाखाली एक फळ पडलेलं मला मिळालं. काय वास होता त्याला! अननस, पुदिना, अत्तर, सगळं एकत्र. मला वाटलं इतकं वासाचं आहे तर देवाला आवडेल. मी ते धुतलं आणि ताटात ठेवलं. तुम्ही हात जोडता जोडता थांबलात. देठापाशी गवताची काडी चिकटलेली राहिली होती.

"कुठून आणलंस?"

"खालून."

डाव्या कानावर. मी टॉवेलच्या कपाटाच्या दारावर आपटले, समई पडली, तेल गालिच्यात गेलं. मग त्या तेलाबद्दल आणखी एकदा. कानातलं वाकडं होऊन मांसात घुसलं. ऐकू यायचं बंद झालं, नुसतं शूं. तरी एक गोष्ट दिसत होती: आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती आणि तिने नळ मोठा केला.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही कामाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता खाली पडलात, ते उठलाच नाहीत. मी आठवीत. पुढे कॉलेज सोडल्यापासून मी एका जागी टिकले नाही. ब्रॅम्पटनला वेअरहाऊसमध्ये पार्सलं फेकली, तिकडच्याच लंडन नावाच्या शहराच्या पलीकडे काचघरांमध्ये टोमॅटोवर होते. ते टोमॅटो आईचे नव्हेत हं. तिथे मातीच नसते. नारळाच्या काथ्याच्या पिशव्यांत मुळं, वर तारेला टांगलेल्या वेली, परागीकरणाला खोक्यातून आणलेले भुंगे. पण सीझन संपतो तेव्हा बघण्यासारखं असतं. बुंध्यापाशी चाकू मारत जायचं, ओळीमागून ओळ, वरची झाडं लाल फळांसकट लटकत राहतात, त्यांना अजून कळलेलंच नसतं. दोन दिवसांनी माना टाकतात. मग दोरी तोडून खाली आपटायची आणि ओढत न्यायची, पाय घसरतात रसात. मला ते काम आवडायचं. फोरमन म्हणायचा, इतक्या रागाने नको, पाइप तुटतील. एकदा तुटला. दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. एका मुलाबरोबर राहत होते, त्याच्या अंगावर तवा फेकला, लागला नाही, अंदाज तुमच्याइतका नाही माझा. तिथूनही निघाले.

मग ओकानागनला चेरी तोडताना न्यूझीलंडची एक पोरगी भेटली. तिच्याकडे दारोदार फिजोआ, लोक बादल्या भरून फुकट वाटतात म्हणे. मी तिला म्हटलं, कसली घाण चव असते. तिने विचारलं, कशी खाता? मी सांगितलं, झाडावरून तोडून, सालीसकट. ती शिडीवर बसून इतकी हसली की तिची बादली खाली पडली. "तोडून? अगं, ते पिकलं की आपणहून पडतं! पडलेलंच उचलायचं, अर्धं कापायचं, चमच्याने गर खायचा!"

मी तो सीझन पुरा केला आणि घरी निघाले. हीच बातमी घेऊन. आई रिटायर झाली होती, फोनवर म्हणाली होती, बेसमेंट रिकामं आहे, ये, फक्त एक काम कर, ती दोन झाडं काप, मला माझी भिंत पाहिजे. मला राहायचं होतं, बाबा. या वेळी खरंच. सगळीकडून भांडून निघून थकले होते, आणि दुसरं एकही दार उरलं नव्हतं.

नोव्हेंबरची सकाळ, भुरभुर पाऊस. गवतावर फळंच फळं. आई फावडं आणि करवत घेऊन आली. मी एक फळ उचललं, चाकूने कापलं, चमचा खुपसून तिच्यापुढे धरलं.

"आई, थांब, कापू नकोस. आपण उलटं करत होतो गं सगळं! बाबा तोडायचे ती कच्ची. ही खालची पिकलेली असतात. खाऊन तर बघ."

तिने चमच्याकडे बघितलंही नाही. "माहितेय."

"काय माहितेय?"

"खालची गोड असतात ते. पहिल्याच वर्षी कळलं. अस्वलं काय झाडायला यायची इथे?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला? ह्यांना?" ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. "ह्यांची गाडी कोपऱ्यावर वळली की मी झाडू घेऊन यायचे. तिथे बिनपाशी उभी राहायचे. चमचा एप्रनच्या खिशात. तीन-चार तरी खायचे रोज. आणि हे आपले वरची तोडतायत, दात आंबवतायत, वर राहात्याची चव म्हणतायत!"

मीही हसले. खरंच हसले. आणि हसता हसता कानात ते शूं सुरू झालं.

"आई, मी ते देवापुढे ठेवलं होतं. तुला माहीत होतं मी बरोबर होते."

तिने करवत खाली ठेवली.

"तू नळ मोठा केलास."

"हो."

"एक शब्द बोलायचास! पडलेलंच खायचं असतं म्हणून. एवढंच!"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून ते खाली वाकून उचलायला लागले असते," ती म्हणाली. "मग मला काय राहिलं असतं? त्या घरात तेवढं एकच माझं होतं गं."

माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. उघडा पंजा, खांद्यामागून. तुमचाच तो, अगदी तसाच. तिचा चष्मा, तिचा गाल, किती अंतर, सगळा हिशोब हाताने आपला आपण केला होता. आणि बाबा, ती आक्रसली नाही. तिने फावडं उचललं, दोन्ही हातांनी, पातं माझ्याकडे करून.

"हात खाली घे."

मी घेतला नाही.

"डोक्यात घालीन. खरंच घालीन. हे ह्यांना म्हणायला मला कधी जमलं नाही, तुला म्हणते. या घरात राहायचं असेल तर हात खाली. नसेल तर बॅग अजून तुझ्या गाडीतच आहे."

पावसाचं पाणी पात्यावरून माझ्या बुटांवर पडत होतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या किचनची ब्लाइंड हलली. मी हात खाली घेतला. सोपं नव्हतं, दंडात पेटका आल्यासारखा तो खाली येईना, डाव्या हाताने धरून आणावा लागला. आईने तो पूर्ण खाली येईपर्यंत बघितलं, मग फावडं भिंतीला टेकवलं.

"कानातलं पक्कडीने सरळ केलं होतं मी," ती म्हणाली. "डब्यात आहे. तू परत घातलंच नाहीस." आणि लगेच, "करवत धर ती."

"ठेवू या ना. आता उघड खाऊ आपण दोघी."

"नाही लागत आता. हे गेल्यावर मी एकदा चमचा घेऊन आले होते. नुसतं फळ होतं."

मग कापायला लागलो. आई करवत ओढत होती, मी फांद्या वाकवून धरत होते आणि ती "आणखी, आणखी वाकव" म्हणत होती. फांद्या मोडून डोळ्यांवर येत होत्या, माझा ओठ फुटला, पिकलेली फळं आमच्या पायांखाली चिरडत होती आणि तो अत्तराचा वास सगळीकडे. लाथेची गोष्ट सांगितलीच. तीन लाथा. मुळं काढायला दुपार गेली. कुऱ्हाडीने तोडली, कारण ती भिंतीच्या पायापर्यंत शिरली होती आणि सुटायला तयार नव्हती. शेवटचं मूळ निघालं तेव्हा आई चिखलात बसली आणि मोठ्याने ओरडली, शब्द नव्हता तो. नंतर म्हणाली, चहा टाक.

आता ऑगस्ट आहे. मी अजून बेसमेंटमध्ये आहे. भांडणं होतात, पण हात खिशात घालून भांडते. भिंतीलगत टोमॅटो लागलेत, आई सुतळी बांधते आणि मोठ्याने गाते, फार बेसूर, म्हातारा खिडकी लावून घेतो. काल तिने एक टोमॅटो झाडाशीच कापला, मीठ आणि जिरेपूड लावून मला दिला आणि बघत उभी राहिली.

"कसाय?"

"एक नंबर," मी म्हटलं.

नाही आवडत मला, बाबा. काचघरातल्या वर्षांनी टोमॅटोचा वाससुद्धा घशाखाली उतरत नाही. तुमचंच फळ जास्त चांगलं होतं. त्या सकाळी आई तुळशीला पाणी घालायला आत गेली तेव्हा मी चमच्यातलं खाल्लं आणि मग उकिडवी बसून आणखी दोन खाल्ली. हे आईला सांगणार नाही, मला इथे राहायचंय. आणि तुम्हाला कळवायची काही सोय असती तरी कळवलं नसतं, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, बघ, मी सांगत होतो ना.